26 खोल्यांचं मोटेल आणि सगळं करणारं एक पद: नॉक कोड ठरवण्याचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातलं मोटेल, मालक आणि उमेदवार ही कोणी विशिष्ट खरी माणसं नाहीत. कायदा, नॉक कोड (सरकारी वर्गवारीत प्रत्येक कामाला दिलेले आकडे), रकमा आणि तारखा मात्र कॅनडातल्या प्रत्यक्ष व्यवस्थेतल्या आहेत. मोटेलच निवडलं, कारण एकाच माणसाच्या अंगावर चार तऱ्हेची कामं पडणं तिथे रोजचंच असतं.

परिस्थिती

अल्बर्टात एडमंटनहून जास्परकडे जाणाऱ्या महामार्ग 16 च्या काठी 26 खोल्यांचं एक मोटेल. मालक नवरा-बायको मराठी, राहायला मोटेलच्याच मागच्या घरात. हिवाळ्यात तेल-वायूच्या कामावरची माणसं आठवड्याच्या बोलीवर खोल्या घेतात. उन्हाळ्यात जास्परला निघालेले पर्यटक एक रात्र टेकून पुढे जातात. पगारावर चौघं: फ्रंट डेस्कवर पूर्णवेळ एक बाई, शनिवार-रविवारी डेस्क सांभाळणारा एक विद्यार्थी आणि खोल्या आवरणाऱ्या दोन अर्धवेळ बायका. डेस्कवरच्या बाई नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेल्या. जागेची जाहिरात दिली, दोघं येऊन गेले, टिकलं कोणी नाही.

मग नाशिकच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम केलेल्या मुलीचं नाव पुढे आलं. तिला आणायचं तर एलएमआयए हवं, म्हणजे या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही आणि परदेशी कामगार आणल्याने इथल्या श्रमबाजाराचं नुकसान होणार नाही, असा सरकारचा निर्वाळा. अर्जाची फी एका जागेला 1,000 डॉलर, तीही मालकानेच भरायची. कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. मालकांनी पदाचं वर्णन स्वतःच लिहून काढलं:

"मोटेल मॅनेजर. फ्रंट डेस्क, बुकिंग, हाउसकीपिंगवर देखरेख, गरज पडेल तेव्हा खोल्यांची सफाई व लाँड्री, सकाळचा नाश्ता लावणे, किरकोळ दुरुस्ती, बर्फ काढणे, सामानाची ऑर्डर आणि सांगितली जातील ती इतर कामे. हिंदी किंवा मराठी येणे आवश्यक."

यातलं एकही काम खोटं नव्हतं. गेलेल्या बाई हे सगळं करत होत्या. पण हे वर्णन कोणत्याच एका व्यवसायाचं नव्हतं, आणि अर्जात तर एकच व्यवसाय लिहावा लागतो.

कोड काय सांगतो

कॅनडात कामांची सरकारी वर्गवारी म्हणजे नॅशनल ऑक्युपेशनल क्लासिफिकेशन, बोलीभाषेत नॉक. तिच्या 2021 च्या आवृत्तीत 516 व्यवसायगट आहेत आणि प्रत्येकाला पाच आकडी कोड. इमिग्रेशन खात्याने ही आवृत्ती 16 नोव्हेंबर 2022 पासून लागू केली. कोडचा पहिला आकडा कामाचं क्षेत्र सांगतो, दुसरा टीअर सांगतो. म्हणजे त्या कामाला शिक्षण, प्रशिक्षण, अनुभव आणि जबाबदारी किती लागते. टीअर 0 व्यवस्थापकांचा, टीअर 5 फारसं शिक्षण न लागणाऱ्या कामांचा.

मालकांच्या वर्णनात निदान पाच कोड दडलेले होते. निवास व्यवसायाचा व्यवस्थापक 60031. निवास आणि पर्यटन सेवांमधला सुपरवायझर 62022. हॉटेलचा फ्रंट डेस्क क्लार्क 64314. खोल्या आवरणारा सफाई कर्मचारी 65310. इमारतीची देखभाल करणारा 73201. दुसरे आकडे पाहिले तर 0, 2, 4, 5, 3. एकाच माणसाचा एक दिवस जवळजवळ संपूर्ण टीअरच्या शिडीवर पसरलेला.

पदाचं नाव इथे कामाला येत नाही. प्रत्येक कोडखाली एक मुख्य विधान असतं आणि त्याखाली प्रमुख कामांची यादी. अधिकारी प्रत्यक्ष काम त्या विधानाशी ताडून पाहतो. पाटीवर 'मॅनेजर' लिहून कोणी व्यवस्थापक होत नाही. यादीतलं एखादं काम आपल्याकडेही होतं एवढ्यावरूनही कोड जुळला म्हणता येत नाही. फ्रंट डेस्क क्लार्कही दिवसाचा हिशेब तपासतो. तेवढ्याने तो अकाउंट्सचा माणूस ठरत नाही.

वरचा कोड का हवासा वाटतो

मालकांचा कल 62022 कडे होता, जमलं तर 60031. त्यांची कारणं समजून घ्यायला हवीत, कारण बहुतेक छोट्या मालकांची हीच असतात आणि त्यांत वाईट हेतू सहसा नसतो.

पहिलं कारण मुलीचं भलं. एक्सप्रेस एन्ट्री ही कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्जदार निवडण्याची कॅनडाची पद्धत. तिच्यातल्या कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास या कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर चालणाऱ्या गटाला टीअर 0 ते 3 मधलाच अनुभव चालतो. फ्रंट डेस्क टीअर 4 मध्ये. मालकीणबाईंचं म्हणणं होतं, "एवढ्या लांबून येणार ती, दोन वर्षं राबणार, आणि पीआरसाठी तो अनुभव मोजणारच नाहीत? हे बरोबर आहे का?" दुसरं कारण ऐकीव: वरच्या टीअरचं पद म्हणजे हाय-वेज, म्हणजे जास्त वेतनाच्या वर्गातला अर्ज, आणि त्यात कटकट कमी. तिसरं कारण मालकांनी मोठ्या विश्वासाने मांडलं: आपण पगार सुपरवायझरचाच देणार आहोत, मग नुकसान कोणाचं?

दुसरं कारण सरळ चुकीचं आहे. अर्ज हाय-वेज की लो-वेज हे टीअरवर ठरत नाही, तासाच्या दरावर ठरतं. 8 नोव्हेंबर 2024 पासून ही सीमा प्रांताच्या मध्यक वेतनाच्या (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतं ते वेतन) 20 टक्के वर नेली. अल्बर्टात तेव्हा ती तासाला 35.40 डॉलर झाली. मोटेलच्या सुपरवायझरला एवढा दर देण्याचा मालकांचा विचारच नव्हता. म्हणजे 62022 लिहिलं असतं तरी अर्ज लो-वेजमध्येच गेला असता आणि तिथल्या सगळ्या अटी लागल्या असत्या: येण्या-जाण्याचा प्रवासखर्च मालकाचा, परवडणाऱ्या घराची सोय, प्रांताची आरोग्यसेवा सुरू होईपर्यंत विमा आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. 26 सप्टेंबर 2024 पासून 6 टक्के किंवा त्याहून जास्त बेरोजगारी असलेल्या महानगर क्षेत्रांतले लो-वेज अर्ज, काही अपवाद सोडले तर, हातातच घेतले जात नाहीत. हे गाव अशा कोणत्याही क्षेत्रात येत नव्हतं, म्हणून तो दरवाजा उघडा होता.

तिसऱ्या कारणाचा विचार नीट करू, कारण ते पटण्यासारखं वाटतं. जास्त पगार देण्याला कोणाचीच हरकत नाही. जॉब बँक या नोकऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावर त्या व्यवसायाचा त्या भागातला मध्यक दर दिलेला असतो. त्याहून कमी देता येत नाही, आणि त्याच कामावरच्या आपल्या माणसांना त्याहून जास्त मिळत असेल तर तो दर पाळावा लागतो. त्यावर कितीही द्या. मालकांना सुपरवायझरचा दर द्यायचा होता तर तो फ्रंट डेस्क क्लार्कलाही देता आला असता. पैसे देण्यासाठी कोड वाढवायची गरजच नव्हती. उलट्या दिशेने, मध्यक दर कमी पडावा म्हणून कोड खाली ओढणारे मालकही असतात. त्यात तर कामगाराच्या खिशातून पैसे काढण्याचा सरळ हेतू असतो.

तासांचा हिशेब

ठरवायचं कशावर? माझ्या मते याला एकच भरवशाची जागा आहे: गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष काम. आठवून सांगितलेलं काम बहुधा मोठं होऊन येतं. माणसाला कष्टाचं आणि जबाबदारीचं काम लक्षात राहतं, टॉवेल घड्या करण्यात गेलेले दोन तास राहत नाहीत.

गेलेल्या बाईंच्या हजेरीपत्रकावर फक्त एकूण तास होते, आठवड्याला 40. ते कशात गेले हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग इतर कागदांतून ते जुळवावं लागलं. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या लॉगिनने किती वाजता चेक-इन केलं, पैसे घेतले, दिवसाचा हिशेब बंद केला, याची नोंद होती. कोणत्या दिवशी किती खोल्या रिकाम्या झाल्या आणि त्या दिवशी सफाईच्या बायका किती तास होत्या, हेही मिळालं. खोल्या आणि तास यांचा मेळ बसत नव्हता, म्हणजे उरलेल्या खोल्या तिसऱ्या कोणीतरी आवरल्या होत्या.

फेब्रुवारीतला एक आठवडा असा निघाला: डेस्क आणि बुकिंग 21 तास, सफाई आणि लाँड्री 9, नाश्ता लावणं 3, ऑर्डर आणि कामाचं वेळापत्रक 4, बर्फ व दुरुस्ती 3. जुलैतला आठवडा: डेस्क 15, सफाई आणि लाँड्री 18, नाश्ता 3, ऑर्डर आणि वेळापत्रक 3, दुरुस्ती 1.

या दोन आठवड्यांतच अडचण दिसते. हिवाळ्यात हे पद फ्रंट डेस्कचं होतं आणि उन्हाळ्यात सफाई कर्मचाऱ्याचं. किती टक्के दुसरं काम चालेल असा आकडा नॉकमध्येही नाही आणि नियमातही नाही. पण 40 पैकी 18 तास सफाई, तीही डेस्कपेक्षा जास्त, हे कोणालाही किरकोळ म्हणता येणार नाही. आणि ज्याच्या जोरावर सुपरवायझरचा कोड मागायचा ते काम दोन्ही आठवड्यांत 3-4 तासांच्या वर गेलेलं नव्हतं.

(अमेरिकेत अशा मिश्र पदाचं प्रचलित वेतन ठरवताना वेगळा रस्ता आहे. तिथल्या कामगार खात्याच्या नोव्हेंबर 2009 च्या मार्गदर्शनानुसार, पदात एकाहून अधिक व्यवसायांचं मिश्रण असेल तर जास्त वेतनाच्या व्यवसायाचा कोड धरतात. त्या देशातला सल्ला कॅनडाच्या अर्जाला लावू नये. इंटरनेटवर दोन्हींची सरमिसळ फार दिसते.)

देखरेख कोणाची, कोणावर

मालक तरी सुपरवायझरचा मुद्दा सोडायला तयार नव्हते. "बाई सफाईवाल्यांवर लक्ष ठेवायच्याच की."

इथे शांतपणे चार-पाच प्रश्न विचारले की चित्र साफ होतं. सफाईच्या बायकांची रजा कोण मंजूर करायचं? मालक. नवीन बाई आली तर तिला काम कोण शिकवायचं? मालकीणबाई. काम नीट झालं नाही तर कोण बोलायचं? मालकीणबाई. वेळापत्रक बाई लिहायच्या खरं, पण मालकांनी सांगितलेल्या तासांप्रमाणे. 62022 चं मुख्य विधान तर डेस्क क्लार्क, आरक्षण क्लार्क अशांच्या कामावर देखरेख आणि समन्वय सांगतं. असा एकच माणूस मोटेलमध्ये होता, शनिवार-रविवारचा विद्यार्थी, आणि तो कामावर यायचा तेव्हा बाई सुट्टीवर असायच्या. ज्याच्याशी शिफ्टमध्ये गाठही पडत नाही त्याच्यावर देखरेख कसली?

60031 बद्दल फार बोलावं लागलं नाही. खोल्यांचे दर, माणसं घेणं-काढणं, खर्चाचा अंदाज, बँक, विमा, सगळं मालकांच्या हातात. शिवाय नोकरीची ऑफर खरी आहे का हे तपासताना अधिकारी पाहतो की ती मालकाच्या धंद्याच्या वाजवी गरजेशी जुळते का. मालक दोघंही त्याच आवारात राहत असताना 26 खोल्यांच्या मोटेलला पगारी मॅनेजर का लागतो, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हतं.

पद बदललं, मग कोड आला

इथवर आल्यावर पुष्कळ लोक एक चूक करतात: काम तसंच ठेवतात आणि वर्णन तेवढं घासूनपुसून 64314 च्या यादीसारखं करतात. सफाई गाळायची, नाश्ता गाळायचा, अर्ज द्यायचा आणि माणूस आल्यावर जुलैत त्याच्या हाती मॉप द्यायचा. मला ही चूक मॅनेजरच्या खोट्या पाटीपेक्षाही वाईट वाटते, कारण ती कागदावर दिसत नाही. दिसते ती तपासणीच्या दिवशी, आणि तेव्हा परमिटवरची माणसं अडकलेली असतात.

नियम असा आहे की ऑफरमध्ये लिहिलेल्या त्याच व्यवसायाचं काम कामगाराला द्यावं लागतं, आणि पगार व कामाच्या अटी लिहिल्यापेक्षा कमी असता कामा नयेत. यासंबंधीचे कागद सहा वर्षं जपून ठेवावे लागतात. तपासणीत हजेरी, पगाराच्या नोंदी, कामगाराशी बोलणं, सगळं येतं. उल्लंघन सिद्ध झालं तर एकेका उल्लंघनाला 500 पासून 1,00,000 डॉलरपर्यंत दंड, वर्षाला कमाल 10 लाख, शिवाय परदेशी कामगार आणण्यावर एक वर्षापासून कायमची बंदी. मालकाचं नाव सार्वजनिक यादीत जातं ते वेगळंच.

म्हणून आधी जुलै सोडवावा लागला. सफाईच्या दोघी बायकांना आठवड्याला 20-20 तास मिळत होते आणि दोघींनाही जास्त हवे होते. मालक देत नव्हते, कारण पूर्णवेळ बाई ते काम 'आतल्या आत' उरकून टाकायच्या. दोघींना गरजेप्रमाणे तास वाढवून दिले, उन्हाळ्यात जास्त, आणि सफाई डेस्कच्या पदातून निघाली. इथल्या माणसांचे तास वाढले हे अर्जाच्या दृष्टीनेही चांगलंच, कारण श्रमबाजारावर परिणाम काय हाच तर एलएमआयएचा प्रश्न. बर्फ आणि दुरुस्ती मालकांनी स्वतःकडे घेतली. नाश्त्याचं टेबल सकाळच्या सफाईच्या बाईंकडे गेलं.

उलट मालक रात्री अकरापर्यंत स्वतः डेस्कवर बसत होते, फोनवरच्या आणि ऑनलाइन बुकिंगची जुळवाजुळव मालकीणबाई रात्री करत होत्या. ते तास या पदात आणले. आता 40 पैकी 35 तास डेस्क, आरक्षण, पाहुण्यांचे हिशेब आणि पैसे. तीन तास सामानाची नोंद आणि ऑर्डर. उरलेल्या दोन तासांत कोणी टॉवेल मागितला तर नेऊन देणं, लॉबी आवरणं वगैरे. हे फ्रंट डेस्कचं पद आहे हे आता हजेरीपत्रकच सांगणार होतं.

नवं वर्णन छोटं झालं: आरक्षणं घेणे व खोल्यांची उपलब्धता राखणे, पाहुण्यांची नोंदणी व खोल्यांचं वाटप, दैनंदिन हिशेब तपासणे, निघणाऱ्या पाहुण्यांकडून पैसे घेणे, चौकशीला उत्तरे देणे, डेस्कवरच्या सामानाची नोंद. 'सांगितली जातील ती इतर कामे' हे वाक्य काढलं. हिंदी-मराठीची अटही काढली. इंग्रजी किंवा फ्रेंचखेरीज दुसरी भाषा आवश्यक म्हणायची तर कामातूनच तिची गरज दाखवावी लागते, आणि तेल-वायूच्या कामगारांच्या आणि पर्यटकांच्या मोटेलमध्ये ती दाखवता आली नसती. जुनी जाहिरात वेगळ्या पदाची होती, म्हणून ती धरता आली नाही. जॉब बँकेवर आणि आणखी दोन ठिकाणी नवी जाहिरात किमान चार आठवडे लावावी लागली. मालकांना हा उशीर जड गेला, पण जुन्या जाहिरातीवर अर्ज देणं म्हणजे एका पदासाठी माणसं शोधून दुसऱ्याच पदासाठी परवानगी मागणं झालं असतं.

मुलीशी बोलणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा होता आणि दिला. ज्याचं आयुष्य या आकड्यावर ठरतं त्याला तो अर्ज गेल्यावर कळावा, हे मला मान्य नाही.

तिला आधी सांगितलं की या कामाचा अनुभव कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमध्ये धरला जाणार नाही. मग हेही, की सुपरवायझर लिहूनही तो धरला गेलाच असता असं नाही. तिथे अर्जदाराने मुख्य विधानातलं काम आणि प्रमुख कामांपैकी बरीचशी, आवश्यक ती सगळी, प्रत्यक्ष केलेली असावी लागतात. मालकाच्या पत्रात देखरेख आणि हजेरीत चेक-इन, असं निघालं तर अर्ज फेटाळला जातो. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि ते मालकाचं नाही, तिचं. नोकरीच्या ऑफरमुळे एक्सप्रेस एन्ट्रीत मिळणारे 50 किंवा 200 गुण 25 मार्च 2025 पासून काढून टाकले आहेत. मोठं पद लिहून गुण वाढवायचा जुना मोहही त्यामुळे उरला नाही.

दुसऱ्या बाजूला, टीअर 4 म्हणजे सगळे रस्ते बंद असंही नाही. अल्बर्टाच्या प्रांतिक नामांकन कार्यक्रमात (प्रांत स्वतः पीआरसाठी माणसं सुचवतो तो रस्ता) पर्यटन आणि आतिथ्य क्षेत्रासाठी 1 मार्च 2024 ला स्वतंत्र प्रवाह सुरू झाला आणि त्याच्या व्यवसाययादीत हॉटेल फ्रंट डेस्क क्लार्क होता. खरा कोड तिला तिथे उपयोगी पडू शकत होता. सुपरवायझरचा फुगवलेला कोड आणि न जुळणारे कागद तिथेही आडवेच आले असते. प्रांतिक प्रवाहांच्या अटी आणि जागा बदलत राहतात, म्हणून यावर तिला कोणतंही वचन दिलं नाही.

तिने दोन प्रश्न विचारले. खोल्या आवराव्या लागतील का? पदात नाही, कधी एखादी चादर बदलावी लागली तर लागली, पण सफाई हे तुझं काम नाही, आणि तसं होऊ लागलं तर नोंद ठेव. दुसरा प्रश्न पगाराचा. मालकांनी सुपरवायझरसाठी ठरवलेला दर तिला फ्रंट डेस्कवरच दिला, मध्यक दरापेक्षा जास्त.

अर्ज गेल्यानंतर

अर्ज 64314 खाली, लो-वेज प्रवाहात गेला. सोबत मोटेलचं कामवाटपाचं पान जोडलं: कोण कोणतं काम किती तास करतं, मालक-मालकीणबाईंसकट. ते मागितलेलं नव्हतं. पण छोट्या धंद्याचा अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न तोच असतो: बाकीचं काम करतं कोण?

हजेरीपत्रकही बदललं. पूर्वी एका रकान्यात एकूण तास असायचे, आता डेस्क, सामान आणि इतर असे तीन रकाने. महिन्याअखेर मालकीणबाई 'इतर'ची बेरीज पाहतात. ती वाढायला लागली की सफाईचे तास कमी पडतायत असं समजायचं आणि तिकडे माणूस वाढवायचा.

एक गोष्ट मालकांना अर्जाच्या वेळीच लिहून दिली. रस्त्यापलीकडचं दुसरं मोटेल घ्यायचा त्यांचा विचार होता. तसं झालं आणि दोन्हीकडच्या डेस्कवर चार माणसं आली, त्यांचं वेळापत्रक, प्रशिक्षण आणि रजा या मुलीकडे सोपवल्या, तर त्या दिवशी ती खरोखरच 62022 होईल. पण तिचं परमिट या मालकापुरतं आणि या व्यवसायापुरतं असेल. तिला बढती देण्याआधी नवं एलएमआयए काढावं लागेल आणि तिला नवं वर्क परमिट घ्यावं लागेल. ते हातात येईपर्यंत नव्या डेस्कवरच्या माणसांचं वेळापत्रक मालकांनीच लिहायचं.